एकेचाळीस मिनिटं

बोनस जमा झाला त्या शनिवारी
मी कालामाला गेले, एर्सिलिया आत्याकडे,
मोबाइलवर शेअरचा भाव उघडाच ठेवून.
नऊशे साठ पेसो.
गेल्या वर्षीचा नफा शेअरमागे एकशे साठ.
"फक्त सहापट," मी म्हटलं, "फुकटात मिळतोय गं!"

आत्याने आधी पाव कापला,
अवोकाडो कुस्करला, वर मीठ.
खाणीच्या पगारखात्यात एकतीस वर्षं काढलेली बाई;
घाईत केलेल्या हिशेबाला
ती उभ्या उभ्या उत्तर देत नाही.

मग चौकटीची वही, दोन्हीकडून टोक केलेली पेन्सिल.
"तांबं तेजीत असलं की खाण स्वस्तच दिसते, पोरी.
नफा फुगलेला, म्हणून पट लहान.
मंदीत कुत्रं फिरकत नाही तेव्हा
तीच खाण कागदावर महाग.
कधी तर भागाकारच होत नाही.
तोट्याने भागायचं कसं?"

वीस वर्षांचे नफे तिने एकाखाली एक उतरवले,
पण जसेच्या तसे नाहीत.
त्र्याहत्तर साली ती तेरा वर्षांची होती.
बाप सकाळी पगार घेऊन यायचा
आणि आई पदर खोचल्यासारखी धावत सुटायची दुकानाकडे,
कारण दुपारी त्याच नोटांत
एक पाव कमी यायचा.
तेव्हापासून तिला जुना आकडा
जुन्या फोटोसारखा वाटतो:
माणूस तोच, पण त्याला हाक मारून उपयोग नाही.

म्हणून प्रत्येक वर्षाला तिने ऊ-एफेने भागलं.
आमच्याकडे घरभाडं, कर्ज, विमा त्यातच मोजतात,
महागाईबरोबर रोज सरकणारं माप,
ज्याची नोट कुणी कधी पाहिली नाही.
मग सगळी वर्षं आजच्या पेसोत आणली.

दोन हजार पंधरापाशी मी बोट ठेवलं.
"हे वगळ ना. अपवाद होता."
तिने पेन्सिल खाली ठेवली.
"त्या वर्षी तीनशे बारा पत्रं मी टाइप केली,
'आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही.'
शेवटचं माझ्या दिराचं.
अपवाद म्हणे."
पंधरा साल वहीत राहिलं, उणे चिन्हासकट.

सरासरी आली अडतीस.
नऊशे साठ भागिले अडतीस:
पंचवीस, आणि वर थोडं.
माझी सहापट
पावाच्या चुऱ्याबरोबर टेबलावरून पुसली गेली.

चहा झाला. वारा पत्र्यावर वाळू टाकत होता.
आत्या वही मिटणार, इतक्यात मी म्हटलं,
"मी लागले तेव्हा भरलेला ट्रक
तळापासून वर यायला सव्वीस मिनिटं लागायची.
आता एकेचाळीस लागतात."

ती बघतच राहिली.
मी सांगत गेले, कधी नीट विचार न करता
रोज अंगाने शिकलेलं:
की तेव्हा शंभर टन दगडात एक टन तांबं असायचं,
आता अर्धंही नसतं;
की डिझेल तेवढ्याच दगडाला जास्त जळतं;
की दर वर्षी रस्त्याला एक वळण वाढतं
आणि तळातून दिसणारं आभाळ
थोडं लहान होतं.

"भावाचं ठीक आहे," आत्या हळू म्हणाली,
"चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे.
त्याची सरासरी काढता येते.
पण खड्डा एकाच बाजूला जातो."
एकतीस वर्षं ती खाणीचे पगार मोजत होती,
खाणीत एकदाही उतरली नव्हती.

तिने पानावर उभी रेघ मारली, नवा रकाना आखला,
डोक्यावर लिहिलं: मिनिटं.
वर सव्वीस, खाली एकेचाळीस,
मधली नऊ वर्षं कोरी.

बोनस अजून खात्यात पडून आहे, रोज थोडा झिजत.
शेअर बाराशेवर गेला, पोरं मला हसतात.
आत्याचा फोन येतो महिन्याच्या पहिल्या रविवारी.
भाव विचारत नाही.
"किती झाली?" म्हणते,
आणि मला पेन्सिलीचा आवाज ऐकू येतो.